रोमन कवींची पद्यपत्रे



पत्र पद्यात कशाला लिहावयाचे, असा प्रश्न आजचा विषय वाचताच आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. पत्र म्हणजे निरोप; त्याला वृत्ताचे ओझे कशासाठी? आणि पद्यच लिहावयाचे, तर त्यावर कोणा एकाचे नाव घालण्याचे प्रयोजन काय? दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन कवींना हा प्रश्न अडला नाही. त्यांतल्या एकाला तर पुढे पद्यपत्रांवाचून दुसरे साधनच उरले नाही. आज मुख्यतः त्याच्याविषयी बोलावे असा आमचा मानस आहे.

पण आधी दोन शब्द होरेसविषयी. इ. स. पू. २० च्या सुमारास त्याने २० पद्यपत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात एक जेवणाचे आमंत्रण आहे, एक मळ्यावरच्या कारभाऱ्याला आहे (कारभाऱ्याला ओढ शहरातल्या गुत्त्याची आणि धन्याला मळ्याची!), आणि एक चक्क शिफारसपत्र आहे. सेप्टिमियस नावाच्या स्नेह्याने गळ घातली, की टायबीरियसकडे आमच्यासाठी शब्द टाका. हाच टायबीरियस पुढे सम्राट झाला. होरेस अवघ्या १३ ओळींत लिहितो, त्याचा आशय असा: माझे आपल्याकडे किती वजन आहे, हे माझ्यापेक्षा सेप्टिमियसलाच अधिक ठाऊक दिसते. नाही म्हणावे, तर वजन असून लपवतो, असा ठपका येईल. तेव्हा आगाऊपणाचा दोष पत्करून लिहितो. ज्यांच्या दारी शिफारशीसाठी माणसे खेटे घालतात, त्यांनी हे पत्र अवश्य वाचावे. होरेस असा ऐसपैस बसून बोलतो, कारण स्वतःसाठी त्याला कोणाकडून फारसे काही नको असते.

ओव्हिडचे तसे नाही. ह्याचा जन्म इ. स. पू. ४३ चा, सुल्मो गावचा. वडिलांना वाटे, मुलाने वकिली करावी. मुलगा कवी झाला. तारुण्यात त्याने एक नवीच युक्ती काढली. पुराणकथांतल्या स्त्रिया दूर गेलेल्या पतीला किंवा प्रियकराला पत्रे लिहीत आहेत, अशी कल्पना करून त्याने ‘हेरोइडीस’ हा संग्रह रचला. आज तो २१ पत्रांचा आहे: १५ एकेकटी, आणि शेवटी प्रश्नोत्तररूप तीन जोड्या. ॲरिॲड्नी निर्जन बेटावरून थीसियसला लिहिते. तिचे पत्र नेणार कोण, असा प्रश्न पडतोच. पण ओव्हिडला त्याची पर्वा नाही. पेनेलोपीचे पत्र मात्र पाहा. ट्रॉयचे युद्ध संपून वर्षे लोटली, युलिसिस परतला नाही. ती लिहिते, की उत्तर नको, तूच ये; आणि सांगते, की किनाऱ्याला जो कोणी परका येतो त्याच्याजवळ चौकशी करून मी पत्र देते, न जाणो, कुठे तुझी गाठ पडली तर. होमर वाचलेल्याच्या मनात येथे चर्र होते. एक दिवस दारात येणारा फाटक्या वेषातला परका हा स्वतः युलिसिसच असणार आहे. हे पत्र बहुधा त्याच्याच हाती पडायचे!

आणखी एक खुबी सांगतो. रोमन पत्राच्या मायन्यात ‘अमुक तमुकाला सालुस पाठवतो’ असे लिहीत. ह्या शब्दाचा अर्थ क्षेम, आरोग्य, सुखरूपता. आपल्याकडची खुशालीच म्हणा. आपण खुशाली कळवतो, रोमन माणूस ती पाठवी. ओव्हिडने हा शब्द बरोबर पकडला. त्याची फीड्रा लिहिते, की जी खुशाली तू दिल्याशिवाय माझ्याजवळ असणार नाही, तीच मी तुला पाठवते आहे. चतुर कोटी आहे, आणि लिहिताना तो स्वतःवर खूष झाला असेल, ह्यात आम्हाला शंका नाही.

पुढे इ. स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने त्याला रोमबाहेर घालवले. कारणे दोन, एक काव्य आणि एक चूक, असे तो स्वतः सांगतो. काव्य म्हणजे ‘प्रेमकला’. चूक कोणती ते त्याने कधीच उघड केले नाही. मालमत्ता जप्त झाली नाही, पण जागा मिळाली ती काळ्या समुद्रावरचे टोमिस, म्हणजे आजच्या रुमानियातले कॉन्स्टान्त्सा. पत्नी रोममध्ये राहिली. तेथून एका पत्रात तो मायना घालतो: ज्याच्यापाशी जे नाही ते त्याला पाठवता येत असेल, तर हा ओव्हिड खुशाली पाठवतो. तीच कोटी! आता ती करणारा स्वतः निर्जन किनाऱ्यावर उभा आहे.

ह्या ‘ट्रिस्टिया’ आणि ‘पाँटसहून पत्रे’ ह्या संग्रहांना रडगाणे म्हणण्याची प्रथा आहे. आम्हीही एकेकाळी तेच म्हणत असू. दारू गोठून घड्याच्या आकाराची उभी राहते, गोठलेल्या डॅन्यूबवरून गाड्या जातात, असे तो लिहितो. त्यातले बरेचसे व्हर्जिलच्या सिथियावर्णनावरून उचललेले आहे, हेही खरे. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची दुःखे घडीव शब्दांत मांडली, त्याने स्वतःच्या दुःखासाठी वेगळे शब्द कोठून आणावे? शिवाय ही पत्रे जाणार होती खऱ्या माणसांकडे. पहिल्या संग्रहात तो मित्रांची नावे गाळतो, कारण नाव छापणे म्हणजे मित्राला गोत्यात आणणे. एका आजारपणात तो पत्नीला लिहितो, की अक्षर परके दिसेल, दुसऱ्याकडून लिहवून घेतले आहे. आणि थडग्यावर काय कोरावे तेही सांगतो.

गॅलियो ह्या मित्राची पत्नी वारल्याचे कळताच त्याने सांत्वनाचे पत्र धाडले. त्यात हिशेब आहे: तुझे पत्र येण्यात आणि माझे परत पोचण्यात वर्ष जाते, तोवर दुःख निवलेही असेल, कदाचित तू दुसरे लग्नही केले असशील. पद्यपत्रांच्या साऱ्या भांडारात ह्याहून साधे आणि ह्याहून जड असे काही आम्ही वाचलेले नाही.

क्षमेचे उत्तर आले नाही. इ. स. १४ मध्ये ऑगस्टस वारला. शिफारशीची पत्रे घेणारा टायबीरियस गादीवर आला, पण त्यानेही बोलावले नाही. इ. स. १७ किंवा १८ मध्ये ओव्हिड टोमिसलाच वारला. रोमच्या नगरसभेने डिसेंबर २०१७ मध्ये ठराव करून त्याची शिक्षा रद्द केली, हे वाचून हसावे की काय करावे, ते आपण ठरवा.

‘पाँटसहून पत्रे’च्या तिसऱ्या भागाच्या आरंभी पत्नीला एक लांबलचक पत्र आहे. सम्राज्ञी लिव्हियाकडे जा, वेळ पाहून जा, पाय धर, परत बोलवा म्हणू नकोस, जरा बऱ्या जागी हलवा एवढेच माग, असे बारीकसारीक सारे त्यात सांगितले आहे. त्यानंतरचा चौथा भाग आम्ही पुन्हापुन्हा चाळला. त्यात मित्रांना पत्रे आहेत, अधिकाऱ्यांना आहेत. पत्नीला एकही नाही.