चूक पुन्हा करून दाखवा!



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे कारखान्याच्या फाटकावर झाले. मी संगणकावर बोलावे हे धाडसच. पण विषय माझ्या ओळखीचा आहे.

एका कारखान्यात एक यंत्र रात्रपाळीला मधूनच अडे. दिवसा साहेब पाहायला आले की सुरळीत चाले. "चूक दाखव," ते म्हणत. दाखवता येईना, म्हणून नुकसान कामगाराच्या पगारातून कापले गेले.

१९९४ साली अमेरिकेत याच जातीचा प्रसंग घडला. इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकार क्वचित चुकतो, हे थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांच्या ध्यानात आले. कंपनी आधी म्हणाली, तुमचे काम अडते हे पटवा, मग चिप बदलू! पण ही चूक कोणालाही पुन्हा करून दाखवता येई. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, उत्तराला त्याच आकड्याने गुणा आणि मूळ संख्येतून वजा करा. शून्य उरावे, तेथे २५६ उरत. अखेर डिसेंबरात कंपनीने मागेल त्याला चिप बदलून देण्याचे कबूल केले.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे ज्याला कर्नेल म्हणतात (लष्करातला कर्नल नव्हे!) त्यात, हीच परीक्षा घालण्यात आली. संगणक सुरू होताना गाभा हा हिशेब करी आणि सदोष चिप ओळखी.

आता ती परीक्षा नीट चालते की नाही, हे तपासायचे आहे आणि जुनी चिप हाताशी नाही. मग काय करावे? फाब्रीस बेलार यांनी २००३ साली क्यूएमू नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो एका संगणकाच्या पोटात दुसऱ्या संगणकाचे सोंग उभे करतो. ते सोंगाचे यंत्र हवे तेथे थांबवावे, आत डोकावावे, पुन्हा तेथूनच चालवावे. कोणाचे बोट तुटत नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे सोंग भागाकार बरोबरच करते. चूक हवी असेल तर ती आपण होऊन त्यात लिहावी लागते. आणि ती लिहायची तर खऱ्या यंत्रावर कोणते आकडे चुकले, हे कोणीतरी टिपून ठेवलेले हवे.

म्हणून कामगारांना माझे सांगणे: पाळी, वेळ, माल, आवाज, सारे वहीत लिहा. आणि मालकांना सांगणे: चूक पुन्हा दिसली नाही, एवढ्यावरून सांगणारा खोटा ठरत नाही. ती शोधून काढण्याचा भार यंत्राच्या धन्यावर आहे. रात्रपाळीच्या एकट्या माणसावर नव्हे.