वृद्धांचे साहाय्य आणि अर्जाची अडचण



कल्याणकारी योजना जाहीर होणे आणि तिचा लाभ गरजूच्या हाती पडणे, या दोहोंत पुष्कळ अंतर असते. हे अंतर कोठे पडते, ते ब्रिटनमधील अलीकडच्या अनुभवावरून ध्यानी येते.

त्या थंड देशात घर उबदार राखणे ही वृद्धांच्या प्रकृतीची निकड आहे. म्हणून १९९७ पासून तेथे निवृत्तांना हिवाळी इंधन साहाय्य मिळू लागले. पुढे ते घरटी २०० पौंड, आणि घरात ऐंशी वर्षांची व्यक्ती असल्यास ३०० पौंड झाले. बहुतेकांना त्यासाठी अर्ज करावा लागत नसे. जुलै २०२४ मध्ये सरकारने काटकसरीसाठी इंग्लंड व वेल्समध्ये हे साहाय्य मुख्यत्वे ‘पेन्शन क्रेडिट’ घेणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या वृद्धांपुरते मर्यादित केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गॅस व विजेच्या दराची कमाल मर्यादा १० टक्क्यांनी वाढली.

गरजूंनाच द्यावे, हा विचार वरकरणी रास्त वाटतो. परंतु पेन्शन क्रेडिट मागितल्याविना मिळत नाही. सरकारी अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये पात्र कुटुंबांपैकी सुमारे ६५ टक्केच ते घेत होती. ७ लाख ६० हजारांपर्यंत कुटुंबे त्यापासून दूर होती. लांबलचक अर्ज, माहितीचा अभाव आणि हात पसरण्याचा संकोच, ही त्याची कारणे होत. ज्याने पहिला लाभ मागितला नव्हता, त्याचा आता दुसराही गेला. उत्पन्न मर्यादेहून थोडेसे अधिक असणारेही वगळले गेले.

पुढे सरकारने घरभाडे साहाय्य घेणाऱ्या सुमारे १ लाख २० हजार वृद्ध कुटुंबांना पत्रे धाडली. अर्ज वाढले, तरी प्रश्न सुटला नाही. अखेर जून २०२५ मध्ये वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या निवृत्तांना हे साहाय्य पुन्हा देण्याचे ठरले. ते आपोआप द्यावे आणि अधिक उत्पन्न असणाऱ्यांकडून करातून परत घ्यावे, अशी योजना झाली.

आपल्याकडील श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतही वय व उत्पन्नाचे दाखले जोडून अर्ज करावा लागतो. निरक्षर वृद्धेला तहसील कचेरीची वाट दूरची असते. म्हणून ग्रामपंचायतीने मतदारयादीतील पासष्टीपुढील नावे लाभार्थींच्या यादीशी ताडून पाहावीत. जे राहिले असतील त्यांची पात्रता तपासावी, शिक्षकांनी त्यांचे अर्ज भरून द्यावेत, आणि अधिकाऱ्यांनी त्रुटी एकाच वेळी कळवाव्यात. एवढे झाले, तरी अनेक म्हाताऱ्यांची एक खेप वाचेल.