पत्त्यांच्या मेजावरील रीत



महाराष्ट्रात कॅसिनो नाही; १९७६ चा त्याबद्दलचा कायदा कधी अमलात आला नाही व २०२३ साली रद्द झाला. गोव्यात आहे. भोकरहून सहलीला गेलो, तेव्हा आम्ही चौघी पणजीस मांडवीतल्या जहाजावर ब्लॅकजॅकला बसलो.

एकवीसच्या पुढे न जाता पाने वाटणाऱ्यावर मात करायची. पान हवे तर मेजावर बोट टेकवावे, नको तर हात हलवावा. “तू पान घेतलेस म्हणून मी हरले,” असे शेजारणीस म्हणू नये. तिच्या पानाने आपले बिघडते तसे साधतेही.

प्रत्येकीने घरूनच रक्कम ठरवून नेली होती. एकीची संपली, तिने उसने मागितले. आम्ही दिले नाहीत, तिच्याबरोबर चौघीही उठलो. ती दोन दिवस रुसली, पण घरखर्चाला हात लागला नाही.