ग्रंथसूची, संगणक आणि मधला वकील

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात जुनी इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या या व्यासपीठावर साहित्यावर बोलणारे अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. माझे आयुष्य संगणकाच्या कामात गेले. म्हणून कार्यवाहांनी मला विचारले तेव्हा मी विषय निवडला तो काहीसा रुक्ष वाटेल असा. देवघेवीच्या टेबलावरचा संगणक आणि ज्यात आपली ग्रंथसूची साठवली जाते तो माहितीकोश, म्हणजेच डेटाबेस, यांच्यामध्ये एक लहानशी आज्ञावली उभी असते. तिला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. ती कोणाला दिसत नाही, तिचे नाव कोणी घेत नाही. परंतु तिची एक चूक ग्रंथालयाची वर्षानुवर्षांची मेहनत कशी पुसू शकते, हे मी स्वतः पाहिले आहे. तो प्रसंग पुढे सांगेन. आधी विषय समजून घेऊ.

पुष्कळांची अशी समजूत असते की, पडद्यावर पुस्तकाचे नाव टाकले की ते त्या पडद्यामागेच कोठेतरी सापडते. वस्तुतः तेथे दोन स्वतंत्र कारभार चालतात. एक आपल्यासमोरची आज्ञावली. ती वाचकाशी बोलते, पावती करते, थकबाकी दाखवते. दुसरा माहितीकोश. त्याचे काम नोंदी सांभाळणे, मागितलेली नोंद शोधून देणे आणि एकाच वेळी दोघांनी एकाच नोंदीला हात घातला तर गोंधळ होऊ न देणे. हे दोघे वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या संगणकभाषांत घडवलेले असू शकतात. एक या खोलीत, तर दुसरा शेकडो मैलांवरही असू शकतो. मग त्यांचे बोलणे व्हावे कसे?

आपण इंदूरकर मराठी माणसे दरबारी परंपरेतली. तेव्हा दरबाराचाच दाखला देतो. मराठेशाहीत एका दरबाराचा वकील दुसऱ्या दरबारी राहत असे. निजामाच्या दरबारी पेशव्यांतर्फे गोविंदराव काळे होते. पुण्यास इंग्रजांतर्फे चार्ल्स मॅलेट होता. वकिलाने धोरण ठरवायचे नसते. धन्याचे म्हणणे त्या दरबारच्या भाषेत आणि रिवाजात मांडायचे आणि तेथील उत्तर धन्याला कळेल अशा शब्दांत कळवायचे, एवढेच त्याचे काम. मात्र त्यात अर्थाचा केस इकडचा तिकडे होता कामा नये. ड्रायव्हर हा असा वकील आहे.

त्याचा दिनक्रम पाहू. आज्ञावली त्याला ठावठिकाणा देते : माहितीकोश कोणत्या संगणकावर आहे, त्याचे दार कोणते, कोशाचे नाव काय, वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द कोणता. ‘दार’ म्हणजे एक क्रमांक. मायएसक्यूएल या कोशासाठी तो प्रघाताने ३३०६ आणि पोस्टग्रेससाठी ५४३२ असतो. वकील त्या दाराशी जातो. तेथे ओळख पटवली जाते, आणि पुढील बोलणे कोणत्या लिपिसंकेतात होणार हेही तेव्हाच ठरते. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवावा. मग तो प्रश्न पोहोचवतो, उत्तराच्या ओळी एकेक करून आणतो, कोशातील तारीख आज्ञावलीच्या तारखेत आणि कोशातील आकडा आज्ञावलीच्या आकड्यात बदलून देतो. कोशाने नकार दिला तर त्याचे कारणही तो कळवतो. पुस्तक देताना दोन नोंदी एकदम बदलायच्या असतात : सभासदाच्या खाती पुस्तक चढवायचे आणि पुस्तकावर ‘बाहेर’ असा शेरा मारायचा. यांपैकी एकच झाली तर दोन्ही रद्द करावयाची, हा आज्ञावलीचा निरोपही तोच पोहोचवतो.

आणखी एक काम तो करतो, ते संरक्षणाचे. गोव्याकडच्या एखाद्या लेखकाच्या आडनावात अवतरणचिन्हासारखी खूण असते. ती तशीच प्रश्नाच्या वाक्यात चिकटवली तर माहितीकोशाला वाटते की, नाव येथेच संपले आणि पुढचा मजकूर ही आज्ञा आहे. याच फटीतून दुष्ट हेतूचे लोक नावाच्या रकान्यात आज्ञा लिहून कोश पुसू शकतात. चांगला ड्रायव्हर यावर उपाय देतो. प्रश्नाचे वाक्य आधी रिकाम्या जागा ठेवून पाठवायचे आणि नाव मागाहून, निव्वळ मजकूर म्हणून, द्यायचे. मग त्या नावात काहीही असो, ते नावच राहते. तथापि हा उपाय वापरायचा की नाही, हे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती असते.

ही व्यवस्था एका दिवसात आली नाही. १९७० साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी माहिती कोष्टकांच्या रूपात मांडण्याचा सिद्धांत प्रसिद्ध केला. पुढे १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. प्रश्नाची भाषा सर्वत्र बरीचशी सारखी झाली, परंतु तो प्रश्न पोहोचवण्याची रीत प्रत्येक माहितीकोशाची निराळीच राहिली. कोश बदलला की आज्ञावलीचा मोठा भाग पुन्हा लिहावा लागे.

आपल्या गावच्या जुन्या मंडळींना हे दुखणे सहज समजेल. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी दिलेल्या कर्जातून खांडव्याहून इंदुरास रेल्वे आली, ती मीटरगेज. खांडव्याहून मुंबईस जाणारा मार्ग ब्रॉडगेज. दोन्ही लोखंडी रूळच. पण रुंदी निराळी, म्हणून खांडव्यास माल उतरवून पुन्हा भरावा लागे. संगणकाच्या जगात असे खांडवे जागोजागी होते.

यावर तोड निघाली ती अशी की, आज्ञावलीने वकिलाशी बोलण्याची रीत सर्वांसाठी एकच ठरवावी. वकिलाने पुढे दरबारात कोणत्या रिवाजाने बोलावे हे ज्याचे त्याने पाहावे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी नावाचा असा संकेत बाहेर काढला. त्यात ड्रायव्हरांवर देखरेख करणारा एक कारभारीही असतो. ‘अमुक कोशाशी बोलायचे आहे’ म्हटले की तो योग्य वकिलाला पुढे करतो. १९९४ मध्ये टिम बन्स यांनी पर्ल या संगणकभाषेसाठी डीबीआय ही व्यवस्था सुरू केली, आणि १९९७ मध्ये जावा भाषेबरोबर जेडीबीसी आली. तत्त्व सर्वांचे एकच : वरचा भाग सामाईक, खालचा ज्याचा त्याचा.

याचा ग्रंथालयांशी अगदी जवळचा संबंध आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या भागातील ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये ‘कोहा’ ही आज्ञावली लिहिली गेली आणि जानेवारी २००० पासून वापरात आली. कोहा हा माओरी शब्द. त्याचा अर्थ भेट, देणगी. ती सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्यात आली आणि आज भारतातील अनेक ग्रंथालये ती वापरतात. कोहा पर्लमध्ये लिहिलेली आहे आणि मायएसक्यूएलच्या घराण्यातील कोशाशी डीबीआयमार्फतच बोलते. म्हणजे कोणी वाचक कोहावर पुस्तक शोधतो तेव्हा त्याचा प्रश्न या वकिलाच्याच हातून जातो.

आता तो प्रसंग.

काही वर्षांपूर्वी एका लहान मराठी ग्रंथालयासाठी मी स्वतः एक साधी आज्ञावली लिहून दिली होती. दाखल नोंदवहीवरून सर्व पुस्तके त्यात चढवण्यास कार्यकर्त्यांना दोन उन्हाळे लागले. पुढे तेथला संगणक बिघडला आणि मी कोश नव्या संगणकावर हलवला. घाईत एक ओळ लिहायची राहिली. वकिलाने कोणत्या लिपिसंकेतात बोलावे हे त्याला सांगणारी ती ओळ. मायएसक्यूएलच्या त्या काळच्या आवृत्त्यांत, काही न सांगितल्यास, पश्चिम युरोपीय लिपीचा संकेत धरला जाई. २०१८ मध्ये आठवी आवृत्ती आली तेव्हा हा प्रघात बदलला.

दुसऱ्या दिवशी नोंद उघडली तर ‘ययाति’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे. पाचच का? संगणकाच्या हिशेबी त्या नावात य, य, काना, त आणि वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. युनिकोडच्या रूढ पद्धतीने त्यांतील प्रत्येकास तीन बाइट लागतात. कोशात ती पंधरा बाइटे जशीच्या तशी शाबूत होती. परंतु वकील परक्या लिपीत बोलत होता. त्या लिपीत ‘य’ नाही, ‘त’ नाही; म्हणून कोशाने त्याच्या हाती प्रत्येक चिन्हापोटी एक प्रश्नचिन्ह ठेवले. म्हणजे हानी झालेली नव्हती. केवळ निरोप बिघडला होता. मी राहिलेली ओळ लिहिली असती तर सर्व नावे पूर्ववत दिसली असती.

पण मी त्या दिवशी गावात नव्हतो. ग्रंथालयात साठापडताळणी चालू होती. एक वयोवृद्ध कार्यकर्ते दाखल क्रमांकावरून एकेक नोंद उघडीत, पुस्तक कपाटात आहे हे पाहून ‘पडताळले’ अशी खूण करीत आणि नोंद जतन करीत. नावे विचित्र दिसतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. पण पडद्याचा काही दोष असेल, क्रमांक तर बरोबर आहे, असे समजून ते निष्ठेने काम करीत राहिले. माझी आज्ञावली जतन करताना सगळे रकाने परत पाठवी. आणि नावाच्या रकान्यात आता प्रश्नचिन्हे होती. प्रश्नचिन्ह हे तर प्रत्येक लिपिसंकेतातले वैध चिन्ह! वकिलाने ते बिनतक्रार पोहोचवले, कोशाने बिनतक्रार लिहून घेतले. सायंकाळपर्यंत काही शे पुस्तकांची नावे आणि लेखक खरोखरच नाहीसे झाले. रात्री नित्याची राखीव प्रत निघाली ती आदल्या प्रतीवरच. त्यामुळे तीही गेली.

त्या वृद्ध गृहस्थांना फार वाईट वाटले. ते पुन्हा पुन्हा क्षमा मागत होते. त्यांची चूक काहीच नव्हती, चूक माझी होती. हे मी त्यांना तेव्हा सांगितले आणि आज येथेही सांगतो. ती नावे परत आली ती दाखल नोंदवहीमुळे. शाईने लिहिलेली, कडा झिजलेली ती वही काढून आम्ही दोघे बसलो. ते क्रमांक, नाव, लेखक वाचीत आणि मी टंकलेखन करी. काही हस्ताक्षरे त्यांनी ओळखली. ज्यांनी ती लिहिली ते केव्हाच गेले होते.

या अनुभवातून तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली : ग्रंथालयाचा माहितीकोश कोणता, ड्रायव्हर कोणता आणि कोणत्या आवृत्तीचा, लिपिसंकेत कोणता, हे एका कागदावर लिहून कार्यवाहांच्या दप्तरात ठेवावे. संगणक बसवून देणारा माणूस कायम राहत नाही. माझ्यासारखाच तो परगावी असू शकतो. दुसरी : राखीव प्रती निरनिराळ्या तारखांच्या आणि निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात, आणि त्यांतील एखादी अधूनमधून उघडून तिच्यातील मराठी वाचून पाहावे. न उघडलेल्या प्रतीवर विसंबू नये. तिसरी : दाखल नोंदवही बंद करू नये.

शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची नोंद केली. त्या कष्टाचे मोल आपण जाणतो. पुस्तक कपाटात असूनही सूचीत त्याचे नाव नसेल तर वाचकापुरते ते पुस्तक नाहीच. म्हणून सूची आणि वाचक यांच्यामध्ये जो कोणी उभा असेल, मग तो ग्रंथपाल असो की एखादी अदृश्य आज्ञावली, त्याच्या इमानावर सगळे अवलंबून असते. आपल्या ग्रंथपालांनी ते इमान शंभर वर्षे राखले. यंत्राला मात्र इमान नसते. ते आपल्यालाच त्याच्यात लिहून ठेवावे लागते, आणि एक ओळ राहिली तरी चालत नाही.