मुलांचे ताट आणि शासनाचे धोरण : युरोपचा अनुभव

(सोसायटीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आहार, व्यायाम आणि लठ्ठपणा यांबाबत युरोपातील शासनांनी काय केले, या विषयावर बोलण्यासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी सोसायटीचा आभारी आहे. विषय ऐकल्यावर काहींच्या मनात आले असेल की ही श्रीमंत देशांची दुखणी. आपल्याकडे अजून कित्येक घरांत मुलांना पोटभर मिळण्याची पंचाईत, तेथे लठ्ठपणाची चर्चा कशाला? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी व्याख्यानाच्या अखेरीस पुण्याजवळच्या सहा खेड्यांच्या निमित्ताने देणार आहे. तोवर थोडा धीर धरावा.

एखादे मूल अंगाने फार सुटले की आपण पहिला बोल आईला लावतो, दुसरा त्या मुलाला. 'तोंडावर ताबा नाही' असे म्हणून मोकळे होतो. युरोपातही बरीच वर्षे हेच चालले. पत्रके छापली गेली, भिंतींवर तक्ते लागले, डॉक्टरांनी उपदेश केले आणि लोकांची वजने वाढतच राहिली. गेल्या पन्नास वर्षांचा तिकडचा इतिहास पाहता मला असे दिसते की जेथे काही साधले, तेथे उपदेशाचा वाटा थोडा होता. ताटात काय पडते, दुकानात काय मांडले जाते आणि रस्त्याने पायी जाता येते की नाही, हे जेथे बदलले तेथे माणसेही बदलली.

प्रथम फिनलंडकडे वळू. या देशाच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेलगत, उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. अरण्य, तळी, लाकूडतोड आणि गाईगुरे. वस्ती त्या काळी पावणेदोन लाखांच्या आसपास. १९६० च्या दशकात हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण फिनलंडमध्ये जगात सर्वाधिक होते आणि फिनलंडमध्ये ते या प्रांतात सर्वाधिक होते. नवल असे की ही माणसे ऐदी नव्हती. रानात दिवसभर कुऱ्हाड चालवणारे गडी चाळिशी-पन्नाशीत छातीत कळ येऊन मरत होते. गावोगाव तरुण विधवा दिसत. १९७१ साली प्रांताच्या प्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला की आमच्यासाठी काहीतरी करा. पुढच्या वर्षी काम सुरू झाले आणि ते पेक्का पुस्का नावाच्या डॉक्टरकडे सोपवले गेले. त्यांचे वय तेव्हा अवघे सत्तावीस होते. आपल्याकडे या वयाच्या डॉक्टरला कोणी एक वॉर्डही मोकळेपणी सांभाळू देत नाही. असो.

पुस्कांनी नवी इस्पितळे मागितली नाहीत. ते स्वयंपाकघरात शिरले. फिनलंडमध्ये 'मार्ता' नावाची गृहिणींची जुनी संघटना आहे. तिच्या बायकांना हाताशी धरून त्यांनी गावोगाव मेळावे भरवले. नेहमीचेच मांसाचे कालवण, पण चरबी व मीठ कमी आणि भाजी अधिक, असे रांधून लोकांना जेवू घातले. जे सांगायचे ते जेवताना सांगितले. खिमा भरून सॉसेज बनवणाऱ्या कारखानदारांना गाठून त्यांतील चरबी व मीठ कमी करायला लावले. सर्वांत अवघड गोष्ट लोण्याची होती. १९७२ मध्ये त्या प्रांतातली दहापैकी नऊ माणसे पावाला लोणी फासत, आणि ते लोणी त्यांच्याच गोठ्यातले असे. दुधावर जगणाऱ्या शेतकऱ्याला 'लोणी खाऊ नका' म्हणणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे. दुग्धव्यवसायाने विरोध केला, तो स्वाभाविकच होता. मग शेतकऱ्यांना बोरांच्या जातीची रानफळे लावून विकण्यास मदत करण्यात आली, कारण त्या थंड मुलखात ती चांगली येतात. या एका गोष्टीसाठी मला हा प्रकल्प फार आवडतो. लोकांचे आरोग्य सुधारताना कोणाची तरी रोजी जाणार आहे, हे येथे आधी ओळखले गेले. १९७७ नंतर हे काम सर्व देशभर नेले गेले. सुमारे पस्तीस वर्षांत त्या प्रांतातील कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. तंबाखू कमी झाली आणि औषधोपचार सुधारले, हेही त्यात आले. पण आहाराचा वाटा मोठा होता.

आता दुसरी बाजू. हृदयाला जिंकलेला हाच फिनलंड वजनापुढे हरला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य तपासणीत तेथील दर चार प्रौढांपैकी साधारण एक लठ्ठ निघाला. असे का व्हावे? लोण्याच्या जागी तेल ठेवता येते, मीठ न कळत कमी करता येते. त्यात पोट भरतेच आणि जिभेची फारशी तक्रार राहत नाही. परंतु लाकूडतोड्याच्या हातातली कुऱ्हाड जाऊन तो यंत्रावर बसला, गावातून मोटारी आल्या आणि गोड पेये व तयार खाणी दिवसाच्या कोणत्याही घटकेला मिळू लागली. यांच्या जागी काय ठेवायचे, हे कोणा एका डॉक्टरच्या किंवा गृहिणीच्या हाती राहिले नाही. लठ्ठपणाचा प्रश्न हृदयविकाराहून चिवट ठरला तो यामुळे.

तरी फिनलंडची एक गोष्ट आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेने ध्यानात घ्यावी अशी आहे. १९४३ साली, ऐन युद्धात, त्या गरीब देशाने कायदा केला की शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक वेळचे जेवण फुकट मिळेल. तयारीला पाच वर्षे दिली आणि १९४८ पासून तो सर्वत्र अमलात आला. सर्व मुलांना फुकट जेवू घालणारा हा जगातील पहिला देश. आरंभी टंचाई एवढी होती की मुलांनी सुटीच्या वेळी रानफळे वेचून आणावीत, अशीही अपेक्षा असे. आज तेथील शाळेत एक नमुन्याचे ताट मांडून ठेवतात : अर्धे ताट भाज्या व कोशिंबीर, पाव भाग बटाटा किंवा भात, पाव भाग मासे, मांस अथवा कडधान्य. शिवाय पाव आणि दूध. शिक्षक मुलांबरोबर बसून तेच जेवतात आणि ते त्यांचे कामच समजले जाते. श्रीमंताचा मुलगा आणि मजुराचा मुलगा यांच्या पुढ्यात एकच अन्न येते, त्यामुळे फुकट जेवणाऱ्याला खाली पाहावे लागत नाही.

एकेका देशाच्या अशा प्रयत्नांनंतर सगळा युरोप एकत्र बसला तो बराच उशिरा. नोव्हेंबर २००६ मध्ये इस्तंबूल येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागातील मंत्र्यांनी लठ्ठपणाविरुद्ध एक सनद मंजूर केली. मे २००७ मध्ये युरोपीय आयोगाने आहार, अतिवजन आणि लठ्ठपणा यांवर श्वेतपत्रिका काढली. दोन्हींची भाषा उत्तम आहे. अडचण अशी की युरोपीय संघात आरोग्यसेवा ही ज्या त्या देशाच्या अखत्यारीत येते आणि शेती व बाजार यांचे नियम मात्र संघ ठरवतो. शाळांना दूध देण्याची संघाची योजना १९७७ ची आहे. मुलांच्या पोषणाइतकाच शिलकी दुधाची वाट लावण्याचाही तिच्यामागे हेतू होता. शाळांत फळे व भाज्या देण्याची योजना यायला २००९ साल उजाडले. म्हणजे उजव्या हाताने दूध-लोण्याला उत्तेजन आणि डाव्या हाताने 'चरबी कमी खा' असा सल्ला, हा प्रकार बरीच वर्षे चालला. मे २०२२ मध्ये त्याच जागतिक संघटनेच्या युरोप विभागाने अहवाल दिला : ५९ टक्के प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर, मुलांत जवळजवळ तिनात एक, आणि २०२५ पर्यंत ही वाढ थोपवण्याच्या मार्गावर विभागातील एकही देश नाही.

मग कायद्याने काही होते की नाही? होते, पण कोणता कायदा यावर ते अवलंबून असते. डेन्मार्कची दोन उदाहरणे शेजारीशेजारी ठेवण्याजोगी आहेत. २००३ साली त्या देशाने कारखान्यात तेल गोठवताना तयार होणाऱ्या अपायकारक चरबीवर, जिला ट्रान्स फॅट म्हणतात तिच्यावर, मर्यादा घातली : शंभर ग्रॅम चरबीत दोन ग्रॅमपेक्षा अधिक नको. गिऱ्हाइकाला काही कळलेही नाही. बिस्किटे व केक तसेच राहिले, आतली चरबी बदलली. २०२१ पासून हीच मर्यादा सगळ्या युरोपीय संघाला लागू झाली, आणि २०२२ पासून भारतातही तेल व वनस्पती तुपाला दोन टक्क्यांचीच मर्यादा आहे. आपल्या बेकरीच्या खारीशी आणि नानकटाईशी डेन्मार्कचा संबंध आहे तो असा.

त्याच डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये लोणी, चीज, मांस अशा पदार्थांतील संपृक्त चरबीवर किलोमागे १६ क्रोनर कर बसवला. लोक गाड्या घेऊन सीमेपलीकडे जर्मनीत जाऊ लागले आणि तिकडून लोणी आणू लागले. दुकानदार आणि कारखानदार ओरडले. १ जानेवारी २०१३ पासून सरकारने कर रद्द केला. हा कर गिऱ्हाइकाच्या खिशातून गेला, आणि वाणसामानातल्या रोजच्या जिनसांवर बसला.

ब्रिटनने यातून धडा घेतला असावा असे मला वाटते. तेथे २०१६ मध्ये गोड पेयांवरील कर जाहीर झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये लागू झाला. त्याची रचना चतुराईची आहे. शंभर मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच कर नाही. पाचाच्या वर सुरुवातीला लिटरला १८ पेन्स, आठाच्या वर २४ पेन्स. मधली दोन वर्षे कंपन्यांना मिळाली. कर चुकवायचा तर साखर कमी करा, असा तो सरळ सौदा होता, आणि अनेक कंपन्यांनी कर लागू होण्यापूर्वीच साखर कमी केली. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहावीतल्या, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या, मुलींमधील लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी आढळला. मुलग्यांत तसा फरक दिसला नाही. एका कराकडून याहून अधिक मागणेही बरोबर नाही.

वेष्टनावरील खुणेची कहाणी अजून अपुरी आहे. फ्रान्सने २०१७ मध्ये 'न्यूट्रि-स्कोअर' आणला : हिरव्यापासून लालपर्यंत पाच रंग, म्हणजे बारीक अक्षरे न वाचताही बरेवाईट कळावे. इटलीने जोरदार हरकत घेतली की आमचे ऑलिव्ह तेल आणि चीज यात बदनाम होते. साऱ्या युरोपसाठी एकच सक्तीची खूण ठरवण्याचा प्रस्ताव २०२२ अखेर आणू, असे युरोपीय आयोग म्हणाला होता. ती मुदत उलटली आणि प्रस्ताव आला नाही.

व्यायामाबाबत मी थोडक्यात सांगतो. १९७० च्या सुमारास हॉलंडच्या शहरांत मोटारींची गर्दी झाली. १९७१ मध्ये रस्त्यावरील अपघातांत तीन हजारांवर माणसे गेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच 'बालहत्या थांबवा' असे होते. पुढे सायकलींसाठी वेगळे मार्ग झाले. ग्रोनिंगेन शहराने १९७७ मध्ये मध्यवस्तीचे चार भाग करून एका भागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाणे बंद केले. सायकलने मात्र खुशाल जा. आज त्या देशात चारांतला एक प्रवास सायकलने होतो. वजन कमी करावे म्हणून यातले काहीच केलेले नव्हते. आणि स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथे २०१२ मध्ये एका प्राथमिक शाळेने मुलांना रोज पंधरा मिनिटे, गणवेश न बदलता, बाहेर धावायला किंवा चालायला पाठवणे सुरू केले. 'डेली माइल' या नावाने हा प्रघात पुढे अनेक देशांत गेला. त्याला मैदानाखेरीज खर्च नाही. मैदान हवे, एवढेच. आणि शहरांतल्या संस्थांना तेच महाग पडते, हे पदाधिकारी मंडळींना मी सांगायला नको.

आता त्या सहा खेड्यांकडे. इंग्लंडच्या शाळांत प्रवेशाच्या वर्षी आणि सहावीत मुलांची वजने २००५ पासून घेतली जातात. प्रवेशाच्या वर्षी दहातले एक मूल लठ्ठ असते, सहावीत पाचातले एकाहून अधिक. आणि अतिगरीब वस्त्यांत हे प्रमाण सुस्थित वस्त्यांच्या दुपटीहून जास्त. म्हणजे श्रीमंत देशातही हा आता गरिबाच्या घरचा रोग आहे. स्वस्तात पोट भरणारे अन्न तेलकट, गोड आणि मैद्याचे असते.

आपल्या लोकांची गोष्ट याच्याही पुढची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडच्या साउथॅम्प्टन येथील संशोधक यांनी मिळून १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तेथील नवजात बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, साउथॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो. पण ते कमी वजन मांसाचे व स्नायूंचे होते. त्वचेखालची चरबी आपल्या बाळाने मोठ्या प्रमाणात राखलेली होती. दिसायला रोड, आतून चरबीदार. आईच्या पोटात असताना झालेल्या उपासमारीचा आणि पुढे येणाऱ्या मधुमेहाचा असा संबंध निघाला. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो, तो युरोपीय माणसात २५ पर्यंत ठीक धरतात. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये दोघांचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला : दोघांचाही आकडा २२.३, परंतु इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि पुणेकराच्या अंगात २१. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेची मार्गदर्शक संस्था २०१३ पासून सांगते की दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी धोक्याची रेषा २३ वरच धरावी. त्यामुळे आपण सडपातळ आहोत, तेव्हा हे व्याख्यान आपल्यासाठी नाही, असे येथे बसलेल्या कोणी समजू नये.

लंडनच्या २०२१ च्या नगररचना आराखड्यानुसार शाळेपासून चालत ४०० मीटरच्या आत तळलेले गरम खाणे विकणारे नवे दुकान काढू देत नाहीत. आपल्या देशाच्या २०२० च्या नियमांत अशा खाण्याच्या विक्रीला शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत मनाई आहे. फाटकाबाहेर पावले मोजून पाहण्याचे काम शालेय समितीने करावे, एवढी विनंती करतो. मुलांच्या शर्यती सुरू व्हायच्या आहेत आणि अध्यक्षसाहेब घड्याळाकडे पाहत आहेत.