दान आणि वाटा



माझे शाळेतले शिक्षण बेताचेच झाले. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतील दिव्याखाली. तेव्हा धर्म आणि आपत्ती या विषयावर शास्त्रार्थ ऐकायला कोणी आले असतील, तर त्यांची निराशा होईल. संकटात माणसे एकत्र कशी येतात आणि कशी फुटतात, एवढे मात्र मी कामगारांत राहून जवळून पाहिले आहे. त्याच नजरेने मी आज केरळातील महापुराकडे पाहणार आहे.

२०१८ साली १ जूनपासून १९ ऑगस्टपर्यंत केरळात सुमारे २,३४६ मिलिमीटर पाऊस पडला. नेहमीच्या मानाने हा ४२ टक्के अधिक. त्यातही ऑगस्टच्या मध्यावर तर दोन-तीन दिवस आभाळच फाटले. धरणे आधीच भरलेली होती, त्यांचे दरवाजे उघडावे लागले. चारशेंहून अधिक माणसे दगावली आणि दहा लाखांवर माणसे छावण्यांत गेली. हवा तापली म्हणजे ती अधिक बाष्प धरते आणि मग ते एकदम ओतते, असे शास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा 'देवाची करणी' म्हणून हात जोडून बसण्याची सोय आता उरलेली नाही.

या पुरात प्रथम कोण धावले? किनाऱ्यावरचे कोळी. त्यांत बहुसंख्य ख्रिस्ती आणि मुसलमान. चर्चमधून हाक गेली, होड्या मालमोटारींवर चढल्या आणि शेतांतून, गल्ल्यांतून चालू लागल्या. सरकारी हिशेबाप्रमाणे सुमारे ४,५०० मच्छीमारांनी ६६९ होड्यांनिशी निदान ६५,००० माणसे बाहेर काढली. याच किनाऱ्यावरच्या कित्येक घरांतली कर्ती माणसे २०१७ च्या ओखी वादळात समुद्रात गेली होती, हे लक्षात घ्या. सरकारने होडीमागे दिवसाला तीन हजार रुपये जाहीर केले, तेव्हा माणसे वाचविण्याचे पैसे आम्हांला नकोत, असे म्हणणारे त्यांच्यातून निघाले. मात्र मोडलेल्या होड्या सरकार दुरुस्त करून देणार, याचे त्यांनी स्वागत केले. मला हा व्यवहार फार मोलाचा वाटतो. भावाला वाचविल्याची मजुरी घ्यायची नाही, पण आपले हत्यार मोडले तर त्याची भरपाई सोडायची नाही!

त्याच ऑगस्टच्या २२ तारखेला बकरी ईद होती. त्रिचूर जिल्ह्यात माळा गावाजवळ मशीद पाण्यात होती. तेव्हा एरवतूर येथील देवीच्या मंदिराचे सभागृह नमाजासाठी उघडे झाले. दुसऱ्या वर्षी, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, मलप्पुरम जिल्ह्यात कवळप्पारा येथे डोंगर खचला. प्रेतांच्या तपासणीला जवळपास जागा नव्हती. पोत्तुकल्लच्या मशिदीने आपली नमाजाची जागा मोकळी करून दिली. तिथे आणलेली प्रेते सगळ्या धर्मांच्या माणसांची होती. ज्या जागेच्या पावित्र्यासाठी एरवी माणसे भांडतात, ती जागा प्रेतांसाठी धुऊन दिली, याहून मोठे पावित्र्य मला तरी ठाऊक नाही.

त्याच ८ ऑगस्टला आपल्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांची नाव उलटली आणि कृष्णेने माणसे ओढून नेली. केरळचा पाऊस आणि आपला पाऊस आता एकाच रांगेत उभे आहेत. म्हणून तिकडचा धडा इकडे कामाचा आहे.

तो धडा असा. दान वरून खाली येते. देणारा उंच राहतो, घेणाऱ्याची मान खाली जाते. वाटा समोरासमोर दिला जातो. संपाच्या दिवसांत आम्ही धान्य वाटतो, तेव्हा घेणाऱ्याला भिकारी समजत नाही. आज त्याची चूल विझली, उद्या माझी विझेल. देवळाजवळ, मशिदीजवळ, चर्चजवळ, गुरुद्वाराजवळ मोठी पातेली असतात, ओसरी असते, हाक मारल्याबरोबर येणारी माणसे असतात. कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, हे कलेक्टर कचेरीच्या आधी त्यांना माहीत असते. हे बळ थोडे नव्हे.

पण या बळाला दोन किडी लागतात. पहिली, आपल्याच माणसाला आधी देण्याची. छावणीतही जातीप्रमाणे पंगती वेगळ्या बसल्याचे आपल्या देशात घडले आहे. पाणी घरात शिरताना जात विचारीत नाही, मग भात वाढणाऱ्याने का विचारावी? दुसरी कीड अधिक सभ्य दिसते. ब्लँकेट वाटले, छायाचित्र निघाले, पुण्य पदरी पडले. आणि ज्याचे घर गेले तो मात्र पंचनाम्यासाठी वर्षभर खेटे घालीत राहिला. ब्लँकेटाने एक रात्र निघते, घर उभे राहत नाही. घर, मजुरी, सुरक्षित जागा हा त्याचा हक्क आहे, आणि तो सरकारकडूनच वसूल झाला पाहिजे.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे, की ज्या देवस्थानाने, ज्या मंडळाने पुरात पातेले चढविले, त्याने पाणी ओसरल्यावर घरी जाऊ नये. पूरग्रस्ताचा अर्ज लिहून द्यावा आणि त्याच्याबरोबर मामलेदाराच्या दारापर्यंत चालत जावे. तेवढे झाले तर दानाचा वाटा होईल.