संगणकाची पहिली मांडणी



अ‍ॅप तयार करायला महागडा संगणक हवा, या समजुतीने आपली अनेक मुले मागे फिरतात. आम्हीही अभ्यासिकेतल्या ८ जीबी रॅमच्या जुन्या संगणकासमोर असेच हताश बसलो होतो. ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ हे साधन विनामूल्य मिळते. जावाचा आवश्यक भाग त्यातच येतो. ते व्यवस्थित बसले. परंतु पडद्यावरचा आभासी फोन, म्हणजे एम्युलेटर, सुरू करताच संगणक हँग झाला. आम्हाला वाटले, आपलेच काही चुकले. पुढे कळले, एम्युलेटरसाठी १६ जीबी रॅम सांगितलेली आहे.

मग आम्ही खराच फोन जोडला. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा बोट टेकवले, की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ खुले होतात. त्यात ‘यूएसबी डीबगिंग’ चालू केले. केबल मात्र डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने आमची एक संध्याकाळ वाया घालवली. शेवटी आम्ही लिहिलेली पहिली ओळ फोनवर उमटली.

मित्रहो, साधन अपुरे म्हणून शिक्षण थांबवू नका. आणि आपल्याला सापडलेली वाट मागून येणाऱ्यास अवश्य दाखवा.